यंदाची गोधडी

गेल्या वर्षी मंगलाताईंनी पाच गोधड्या शिवायचं ठरवलं होतं. घाईत बोटं सुजली, एकही पुरी झाली नाही आणि सुईदोऱ्याचा डबा माळ्यावर गेला.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला सून गौरीनेच तो खाली काढला.

"आई, या वर्षी किती?"

"आकडा नको. दुपारी दोन ओळी धावदोरा घालायचा, कंटाळा आला की उठायचं."

"मग मलाही शिकवा," म्हणत गौरी भेस्तानच्या कापडबाजारातून आणलेले साड्यांचे तुकडे घेऊन शेजारी बसली. तिचा पहिलाच टाका वाकडा गेला. मंगलाताईंनी उसवायला सुई उचलली, मग थांबल्या.

"राहू दे," म्हणाल्या आणि त्याच्याच पुढे आपला टाका घातला.

थंडी सरली तरी गोधडी अर्धीच होती. दोघींनाही घाई नव्हती.