सहीच्या वरचा मजकूर

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात एकशे चाळीस माणसं होती, आणि त्यांतल्या एकालाच जवळचं वाचता येत नव्हतं. तो कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. वय त्रेपन्न, केस काळेभोर रंगवलेले आणि वाचायचा चष्मा खणात, डबीत, वरून रुमाल. स्क्रीनवरची अक्षरं तो बोराएवढी करून घ्यायचा. कागदाचं तसं करता येत नाही, म्हणून कागद वाचायचाच नाही, असा त्याने तोडगा काढला होता.

हे गुपित विभागात आणखी एकीलाच ठाऊक होतं, त्याच्या मेव्हणीला. "ही आमची धाकटी," अशी त्यानेच पहिल्या दिवशी ओळख करून दिली, तेव्हापासून सगळा कारखाना तिला धाकटीच म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी काचांचे नंबर घासणीच्या यंत्रांना पाठवणारा सर्व्हर बंद पडला होता. भाऊजींनी जागा करायला म्हणून त्यातली जुनी कर्नेल काढली होती. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यांच्या आधी जागं होऊन बाकीच्यांना कामाला जुंपतं ते. नवं आलं तरी जुनी जात नाहीत, डिस्कवरची आपली खोली अडवून बसतात. भाऊजींनी नवी दोन ठेवली, बाकीची झाडून काढली. पण त्या सर्व्हरचं डिस्कचं कार्ड जुनाट. त्याची भाषा फक्त सगळ्यात जुन्या कर्नेलला यायची. रीस्टार्ट केल्यावर मशीन उठलंच नाही. धाकटीने सहा तास खपून ते जुनं कर्नेल परत बसवलं, आणि संध्याकाळी अहवालात चूक तिच्या नावावर निघाली. रवानगी तळघरात, अडगळीतल्या कीबोर्डांना लेबलं चिकटवायला.

घरी तर कहरच. "ह्यांनी सांभाळून घेतलं म्हणून तुझी नोकरी राहिली," असं ताई दर रविवारी वाढता वाढता ऐकवायची, आणि भाऊजी विनयाने ताटाकडे बघत राहायचे. ताटातलं मात्र त्यांना स्वच्छ दिसत असावं.

असे एकशे चार रविवार झाले. धाकटीने ते मोजले होते. आणि तिने ते जुनं कर्नेल एका पेनड्राइव्हवर घालून पर्समध्ये किल्ल्यांशेजारी ठेवलं.

मग परवा सर्व्हरचं अपडेट मध्येच अडकलं. कर्नेलांची खोली ठासून भरली होती. साफसफाईची नेहमीची आज्ञा दिली तर तीही अडली. अर्धवट राहिलेलं काम आधी पुरं करा म्हणाली, आणि ते पुरं करायला जागाच नव्हती. म्हणजे हाताने एकेक काढणं आलं. पण मागच्या प्रकारानंतर मालकीणबाईंनी नियम घालून दिला होता: सर्व्हरला हात लावण्याआधी काय करणार ते एकाने रजिस्टरात लिहायचं, दुसऱ्याने वाचून सही करायची, जबाबदारी सही करणाऱ्याची. विभागातला तिसरा माणूस रजेवर, म्हणून धाकटीला तळघरातून वर बोलावणं आलं.

यादी बघून ती सरळ म्हणाली, "भाऊजी, सगळ्यात जुनं राहू द्या. मशीन आत्ता त्याच्यावरच चाललंय."

"इथे साहेब म्हणायचं. नवी दोन ठेवायची, बाकी काढायची, ही माझी पद्धत आहे. तू लिही, अक्कल पाजळू नकोस."

धाकटी लिहायला बसली. दोन वर्षं लेबलं लिहून तिचं अक्षर बारीक आणि फार देखणं झालं होतं. तिने सात ओळी लिहिल्या. भाऊजींनी त्यांच्यावरून एक साहेबी नजर फिरवली आणि खाली झोकात सही ठोकली.

चालू असलेलंच कर्नेल काढताय, नक्की ना, असं मशीननेही बोराएवढ्या अक्षरांत विचारलं. भाऊजींना कोणी विचारलेलं आवडत नसे. त्यांनी काढलं. सर्व्हर चालूच राहिला, कारण उठलेलं कर्नेल मेमरीत बसलेलं असतं. डिस्कवरून गेलेलं त्याला लगेच कळत नाही. भाऊजींनी धाकटीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. धाकटी घड्याळाकडे पाहत होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रीस्टार्ट दिला आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: डिस्क सापडत नाही.

सुट्टी संपली तरी घासणीची सव्वीस यंत्रं गप्प. मालकीणबाई स्वतः आल्या. भाऊजींनी रजिस्टर तयारच ठेवलं होतं. "बघा बाई, पुन्हा तेच. तिच्याच हाताने लिहिलंय सगळं."

बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती.

"'सगळ्यात जुनं कर्नेल काढू नये, काढल्यास सर्व्हर उठणार नाही, हे मी तोंडी सांगितलं आहे. तरीही ते काढण्याचा आदेश खाली सही करणाऱ्यांचा आहे. दोन वर्षांपूर्वीही ते त्यांनीच काढलं होतं आणि अहवालात माझं नाव घातलं होतं. हे सर्व त्यांनी वाचलं असून त्यांना मान्य आहे.'" बाई थांबल्या. "आणि सही तुमची."

भाऊजींनी रजिस्टर घेतलं, लांब धरलं, आणखी लांब धरलं. हात संपला, तरी अक्षरं लागेनात. बाईंनी आपला चष्मा काढून पुढे केला. "घ्या. आपल्याकडे चष्म्यांचा तुटवडा नाही."

धाकटीने पेनड्राइव्ह काढला. या वेळी सहा तास लागले नाहीत, वीस मिनिटांत यंत्रं घरघरू लागली. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्याच दुपारी तिच्याकडे आली. तळघरात तीनशे कीबोर्ड अजून बिनलेबलाचे होते. ते कोणी करायचे हेही बाईंनी सांगून टाकलं.

संध्याकाळी जिन्यात भाऊजींनी तिला गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुझ्या ताईला काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका, साहेब," धाकटी म्हणाली. "त्या पानाची झेरॉक्स काढलीय. रविवारी जेवताना मीच देईन तिच्या हातात. ताई चष्मा लावते."