सगळे पिसाकडं बघत होते

कोपरगावच्या बाजारात त्या सोमवारी माणूस माणसाला तुडवत होता. मोरपीस महाराज आंधळ्यांना डोळस करत होते! सन सेहेचाळीस उजाडलं, पण अकलेवरचं रेशनिंग काही उठलं नव्हतं.

उसाच्या गाड्या हाकणारा सहादेव महाराजांपुढं बसला होता. त्याला समोरचं दिसे, कडेचं नाही. नगरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली वाचवायची तर ऑपरेशन. उद्याच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं.

"माझ्या कपाळीच्या बुक्क्याकडं बघ, बेटा!" महाराज गरजले आणि कडेनं घुंगरू बांधलेलं मोरपीस खुळखुळवत आणलं. "दिसलं?"

"दिसलं की वो! पार कानापाशी हाय!"

जयजयकार झाला. सहादेव बायकोकडं वळला. "मनकर्णे, आता नगर न्हाई आन् चिरफाड न्हाई."

मनकर्णाला ठाऊक होतं, नवरा खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं. पण झाडून सगळी गर्दी पिसाकडं बघत होती, ते तिला खटकलं. नगरला डॉक्टर सहादेवला मधल्या ठिपक्याकडं बघायला लावून काळ्या पडद्यावर पांढरी टाचणी फिरवायचा, ती दिसली तिथं खडूनं खूण करायचा आणि स्वतः बघायचा सहादेवच्या डोळ्यांकडं. डोळा टाचणीमागं पळाला, तेव्हा त्यानं खडूच्या सगळ्या खुणा पुसून पहिल्यापासून तपासलं होतं.

ती नवऱ्यासमोर मांडी घालून बसली. "महाराज, घुंगरू सोडा. अवो, तुमी माझ्या नाकातल्या चमकीकडं बघा. डोळा हलला की मी वरडनार."

"बाई, देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची न्हाई, पिसाची!"

गर्दी हसली. महाराजांना माघार घेता येईना. घुंगरू सुटलं, पीस निघालं. सहादेवचा डोळा ते शोधत कडेला गेला.

"हलला! परत आना!" पुन्हा तेच. "हलला!"

तिसऱ्या वेळी सहादेवनं नजर रोखून धरली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "महाराज, आनताय न्हवं पीस?"

पीस मनकर्णाच्या गालाला टेकलं होतं.

"बाईच्या सावलीनं शक्ती आटली!" महाराज ओरडले.

"मग बांधा की घुंगरू, यील परत!" भाजीवाली रतनबाई म्हणाली.

घुंगरू वाजलं की डोळा तिकडं पळतो. पळालेल्या डोळ्याला कडेचंही समोरच दिसतं. एवढीच ती शक्ती. लोकहो, चमत्कारवाला जिकडं बोट दाखवील तिकडं बघू नका. तो काय बघू देत नाही, ते आधी बघा.

सहादेवनं चाचपून पायताण जवळ ओढलं. मग हळूच म्हणाला, "चिरताना लई दुखंल का गं?"

"दुखंल," मनकर्णा म्हणाली आणि त्याचा हात धरून त्याला उठवलं.