परीक्षा तुमची नाही

साइटच्या चाचणीला यायचं कबूल केलेल्या एका आजोबांनी ऐन वेळी नकार कळवला, तेव्हा ऑफिसातले साहेब हरिमुर्ती यांनी वेनिंगला विचारलं, "तुझ्या आई रिकाम्या असतील का गं?"

वेनिंगला ते रुचलं नाही. घरच्या माणसाला चाचणीला बसवायचं नाही, हा त्यांच्याच ऑफिसचा नियम. पण सेमारांगमधल्या एका रुग्णालयाने डॉक्टरांचा नंबर लावायची नवी साइट तपासायला दिली होती, वयस्कर माणसं मिळत नव्हती आणि रुग्णालयवाल्यांनी निकालासाठी तगादा लावला होता. तिने फोन केला. आई तासाभरात हजर. नवा झगा, घट्ट बांधलेला अंबाडा आणि हातात तळलेल्या केळ्यांचा डबा.

"बू, ही आमच्या ऑफिसातली लारास तुमच्याजवळ बसेल. मी पलीकडच्या खोलीत आहे," वेनिंग आईला म्हणाली.

"जा तू. आम्ही गप्पा मारतो."

पलीकडे एका पडद्यावर आईचा चेहरा आणि दुसऱ्यावर ती बघत असलेलं पान दिसत होतं. वेनिंग आणि हरिमुर्ती वह्या घेऊन बसले. आपल्या सेमारांगकडच्या माणसांकडून तक्रार वदवून घेणं मोठं कठीण. दुसऱ्याच्या घरचं कालवण खारट झालं तरी छान म्हणणारी माणसं आपण. साइटची काय कथा! म्हणून लारास प्रत्येकाला आधी बजावायची. आईलाही तिने मानाचं 'बू' लावून तेच सांगितलं.

"बू सुमीनाह, परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. कुठं अडलात तर चूक तिची. मनात येईल ते मोठ्यानं बोला. आता गुरुवारचा डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर लावा."

"डॉक्टर तरणा आहे ना?" आईने लारासच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाहीतर डोळे तपासून उपयोग काय!"

लारास खळखळून हसली. हरिमुर्तीही हसले.

आईने डोळ्यांचा विभाग शोधला, पुढचं पान उघडलं आणि ती थांबली. "म्बाक लारास," तिने ताई म्हणावं तशी हाक मारली, "कुठल्या डॉक्टरांकडे जायचं म्हणालीस?"

"डोळ्यांच्या."

"डॉक्टर तरणा आहे ना? नाहीतर डोळे तपासून उपयोग काय!"

या वेळी लारास जरा उशिरा हसली. हरिमुर्तींनी लिहून घेतलं. "बघितलंस? दुसऱ्या पानावर डॉक्टरांचं नावच नाही. माणूस विसरणारच."

ते खरंच होतं. वेनिंगनेही मान डोलावली. मग आईने तारीख निवडली, तर साइटने तिला पुन्हा पहिल्या पानावर नेऊन टाकलं. हाही दोष खराच. हरिमुर्ती खूश होऊन खाली मान घालून भराभरा लिहू लागले. पडद्यावर आई गोंधळून पानाकडे बघत राहिली. मग तिने लारासच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसऱ्या डोळ्यांनी विचारलं, "डॉक्टर तरणा आहे ना?"

वेनिंगने लिहायचं थांबवलं. तोच विनोद, तोच सूर, पहिल्यांदाच सुचल्यासारखा. लारासने कॅमेऱ्याकडे एकवार पाहिलं आणि ती पुन्हा हसली.

शेवटी नंबर लागलाच नाही. "कशी वाटली साइट?" लारासने विचारलं.

"फार छान. काही म्हणता काही अडचण नाही."

"आई म्हणजे सोनं आहे तुझी," हरिमुर्ती वही मिटत म्हणाले. "इतके दोष आजवर कुणी दाखवले नव्हते."

वेनिंग आईला स्कूटरवरून घरी न्यायला निघाली. वस्तीच्या अलीकडे भरतीचं पाणी रस्त्यावर आलं होतं. उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. दोघी एका टपरीवर चहा घेऊन बसल्या.

"बू, आज तुम्ही एकच विनोद तीनदा केलात."

आई पाण्याकडे बघत राहिली. "ती पोरगी तीनदा हसली की."

"बू."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"गल्लीत जेवणाचे डबे द्यायचे ते बंद केले ना, तेव्हाच्याही आधीपासून."

"ते गुडघ्यांमुळे केलेत ना बंद?"

"गुडघे चांगले आहेत माझे," आई म्हणाली. "शेजारच्या विंदार्तीच्या नातवाला कोळंबी चालत नाही. तो जन्मला तेव्हापासून ठाऊक आहे मला. सगळ्या गल्लीत कुणाला काय चालतं, काय नाही, झोपेत सांगितलं असतं मी. आणि मीच त्याच्या डब्यात कोळंबी घातली. ओठ सुजले त्याचे. रात्रभर दवाखान्यात होता. विंदार्ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारायचीस, कशा आहात? मी म्हणायचे, छान. तेवढ्यावर तुझं भागायचं."

आईच्या आवाजात राग नव्हता, तेच वेनिंगला जास्त लागलं. परकं माणूस छान म्हणालं की, छान म्हणजे काय, कुठं अडलात, पुन्हा दाखवा, असं खोदून खोदून विचारायचा पगार घेत होती ती.

दुसऱ्या दिवशी तिने हरिमुर्तींना सगळं सांगितलं. त्यांनी वही पुन्हा उघडली. "मग ही चाचणी काढून टाकू. तुझ्या आई आजारामुळे अडल्या, साइटमुळे नाही."

"नाव गायब होतं, हे खोटं आहे का?"

"नाही, पण..."

"मग राहू द्या, पाक हरिमुर्ती," तिने साहेबांना म्हटलं. "विसरणारी माणसंही नंबर लावायला येणारच ना? रुग्णालय आहे ते."

त्यांनी आईचं नाव न देता सगळं कळवलं. रुग्णालयाचं उत्तर आलं: तारखेचा दोष दुरुस्त करू, बाकी, अशा रुग्णांसोबत घरचं कुणीतरी असतंच, तेव्हा नावाचं पुढं बघू. वेनिंग भांडायला उठली. हरिमुर्ती म्हणाले, "सोड आता." तिने सोडलं, आणि त्याच रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर फोन करून लावला. बऱ्याच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

रविवारी आई नारळाच्या दुधातलं फणसाचं कालवण करत होती. वेनिंग दारात उभी. आईने मीठ घातलं, ढवळलं, चूल बारीक केली, फडक्याला हात पुसले आणि तिचा हात पुन्हा मिठाच्या बरणीकडे गेला. मध्ये पडायचं नाही, माणूस काय करतो ते बघायचं, हे वेनिंगच्या अंगात मुरलेलं.

"असं गप्प उभं राहून बघू नकोस माझ्याकडे," आई वळूनही न बघता म्हणाली. "चुकले तर सांग."

"मीठ घातलंत, बू. मघाशीच."

आईने बरणी खाली ठेवली. "आता पुढं काय घालायचं?" तिने हळूच विचारलं.

वेनिंग जवळ आली, पातेल्यात डोकावली. हे कालवण तिने जन्मभर खाल्लं होतं. करायला कधी शिकली नव्हती.