आजी कोणत्या खोलीत?

"पोरीसमोर ही कॅसेट लावू नको हां, राधा," वरच्या मजल्यावरच्या शरीफुन्निसाआपा म्हणाल्या होत्या.

मी हसले. "आपा, भुताचा पिक्चर नाही हा. माहितीपट आहे."

"असेल. मग कव्हरावर शिंगं कुणाची?"

कॅसेट समाधानला, माझ्या नवऱ्याला, ऑफिसात कुणीतरी दिली होती. अमेरिकेतलं एक चर्च दरवर्षी आपल्या हॉलमध्ये नरक उभा करतं. पुठ्ठ्याच्या भिंती, लाल बल्ब, धुराचं मशीन. चर्चचीच पोरं पापी होतात, मरतात. काळ्या झग्यातला वाटाड्या बघायला आलेल्यांना एका खोलीतून दुसरीत नेतो. शेवटी विचारतात, येशूला शरण येता, की हे असं? मी सोशिऑलॉजीत एम.ए. इथे आखातात, नईम मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत असं काही बघायला मिळालं की कॉलेजात परत गेल्यासारखं वाटायचं.

सहा वर्षांची श्रावस्ती मला टेकून बघत होती. माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच. घाबरली मुळीच नाही. पण हॉस्पिटलच्या खाटेवरची मुलगी मेली आणि वाटाड्या तिला हाताला धरून पुढच्या खोलीत घेऊन गेला, तेव्हा ती ताठ बसली.

"मम्मी, विच रूम इज आजी इन?"

माझी आई मार्चमध्ये भुसावळला वारली. आमचे पासपोर्ट व्हिसासाठी कंपनीत अडकलेले, मला जाता आलं नाही. श्रावस्तीला मी आमच्या बौद्ध घरात मी ऐकलेलं तेच सांगितलं होतं: स्वर्ग नाही, नरक नाही, आजी आता कुठेच नाही. तिने ते मुकाट ऐकून घेतलं होतं. आता तिला खोल्या सापडल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती दिसेल ते दार उघडू लागली. आमचं कपाट, मग आपांचं बाथरूम. "अगो, माझ्या घरात कुणाला शोधते ही?" आपा ओरडल्या. मी तिला हाताला धरून खाली आणलं.

गुरुवारी गच्चीवर कपडे वाळत घालून आले तर ती घरात नव्हती. गल्ली पाहिली, कोपऱ्यावरचं कोल्डस्टोअर, म्हणजे किराणा दुकान, पाहिलं. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटसमोर सापडली. दार ठोठावत होती.

"नोबडी इज ओपनिंग, मम्मी."

रागवायचं होतं. तिच्याशेजारी पायरीवर बसले. आत काहीतरी हललं असं वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, मी दाराला कान लावला. नरक तर नरक, पुठ्ठ्याचा का असेना. आई आत असती तर मी तिकीट काढून गेले असते.

"अँड आजोबा? विच रूम?"

हे मात्र मला ठाऊक होतं. "बाहेरच्या. खिडकीपाशी खाट आहे त्यांची."

"विल ही ओपन?"

 बाबांच्या शेजारी गंगूबाईंकडे फोन आहे. त्या सांगतात, बाबा दार लावूनच बसतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत. जूनपासून पत्र नाही. आम्हाला सुट्टी डिसेंबरात, इंशाल्ला.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी भुसावळला गाडी बदलायला उतरत असेल. तास-दीड तास हाताशी असतो. स्टेशनमागे विहाराच्या गल्लीत निळ्या दाराचं घर आहे. दशरथ सुरवाडे, लोको शेडचे रिटायर्ड फिटर. जरा जोरात वाजवा, त्यांना कमी ऐकू येतं. राधाने पाठवलंय म्हणा. दार उघडलं तर जेवले का तेवढं विचारा, आणि मला दोन ओळी टाका.