पेलाभर पाणी पिऊन होईपर्यंत

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड आहे ना, तिथे गंजलेल्या साच्यांच्या शेजारी मी उभी असते. माझ्या हौद्यात एक कोंबडी अंडी घालते. तिचा मला राग नाही. निदान कोणीतरी माझ्या हौद्यात काहीतरी ठेवतं.

मित्रांनो, माझी कहाणी तशी मोठी नाही. मी काही शर्यतीची गाडी नव्हे. ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझ्या बोनेटखाली बेताचं इंजिन बसवलं. ओझं वाहायचं, घाई करायची नाही, कुरकुर करायची नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. मला ज्याने घेतलं तो माझा मालकही तसाच होता. कमी बोलायचा, वेळेवर निघायचा आणि थेंबभर डिझेल वाया गेलं तर त्याच्या जिवाला लागायचं.

आमचं काम बर्फाचं. कारखान्यातून लाद्या निघायच्या, त्या हौद्यात रचायच्या, वर भुसा, त्यावर ओली गोणपाटं, आणि मग निघायचं डोंगरापलीकडच्या तलावाकडे. तिथे मासे पकडणारी माणसं वाट बघत असायची. बर्फ आला तर मासळी टिकणार, नाहीतर उचलून फेकायची. त्यामुळे आम्ही दिसलो की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

वाटेत एक लांबच लांब चढ होता. तो चढताना माझ्या नाकी नऊ यायचे. पण वर खिंडीत पोचलं की पुढे नुसता उतार, थेट तलावापर्यंत. आणि तिथे मालक एक गोष्ट करायचा. खिंडीतलं वळण घेतलं की गिअर काढायचा, किल्ली फिरवायचा आणि इंजिन बंद करून मला तशीच उतारावर सोडायचा. ब्रेक जड व्हायचे, पण त्याचा पाय त्याहून जड. "उतारावर इंजिन चालू ठेवणं म्हणजे भर नदीत घागर ओतणं," असं तो म्हणायचा. खाली सपाटी आली की गिअर टाकून क्लच सोडायचा आणि मी खडबडून जागी व्हायचे. हे चांगलं नव्हे हे मलाही कळत होतं, पण त्या उतारावरची शांतता मला आवडायची. नुसता वारा, आणि मागे गोणपाटातून टपटपणारं पाणी.

मालकाची लेक लहान होती तेव्हा सुटीच्या दिवशी आमच्यासोबत यायची. तिचे पाय खाली टेकायचे नाहीत. खिंड आली की ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "बाबा, आता गाडी झोपली ना?"

"झोपली. तूही आवाज करू नकोस."

मग तिघेही गुपचूप खाली उतरायचो. माझ्या आयुष्यात याहून सुखाचं दुसरं काही घडलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

पुढे मी म्हातारी झाले. उन्हाळे कडक होत गेले आणि चढ मात्र तेवढाच राहिला. भरल्या हौद्याने मी तो इतकी सावकाश चढायचे की सायकलवाला मागून येऊन पुढे निघून जायचा, वर वळून हसायचाही. कारखान्यातल्या हमालांनी माझं नाव कासव ठेवलं. गोष्टीतलं कासव जिंकतं, हे खरं आहे मित्रांनो, पण त्याच्या पाठीवर बर्फ नसतो.

तलावावर मासळीचा सगळा व्यवहार एका मावशीच्या हातात होता. आवाज असा की अर्धा तलाव ऐकेल. एका दुपारी तिने गोणपाट बाजूला केलं आणि झिजलेली लादी हातात धरून मालकाला विचारलं, "दादा, ही लादी आहे की साबणाची वडी?"

सगळे हसले. मालकही हसला, पण परतीच्या वाटेवर त्याचं हसू टिकलं नाही. कारण हसून झाल्यावर मावशीने हळू आवाजात आणखी एक गोष्ट सांगितली होती. शहरातली थंड पेटीची मोठी गाडी बर्फ द्यायला तयार होती. "मला तुमचीच गाडी हवी आहे हो. पण मासळीला माझी माया कळत नाही," ती म्हणाली.

तोवर लेक मोठी झाली होती, सकाळची खेप तीच न्यायची. दुपारची खेप मालकाने स्वतःकडे ठेवली होती. ती त्याला सोडवत नव्हती. घरी बसलं की माणूस गंजतो, असं तो म्हणायचा. त्या खेपेवर त्याचं जगणं टांगलेलं होतं, हे लेकीला चांगलं माहीत होतं. म्हणून ती मला गावातल्या मिस्त्रीकडे घेऊन गेली.

मिस्त्रीने माझं बोनेट उघडलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "इंजिन तब्येतीने ठणठणीत आहे. फक्त दम पुरत नाही. टर्बो बसवू या."

टर्बो म्हणजे काय ते तुम्हाला सोपं करून सांगते. एका दांड्याला दोन्ही टोकांना दोन छोटे पंखे. माझ्या सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो आणि दुसरा पंखा बाहेरची हवा कोंबून माझ्या छातीत भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जळतं, आणि ताकद वाढते. म्हणजे जो धूर मी इतकी वर्षं फुकट सोडत होते, त्यालाच मिस्त्रीने कामाला जुंपलं. काटकसरी मालकाला हे फार आवडलं.

तो टर्बो एका अपघातात चुरडलेल्या व्हॅनमधून काढलेला होता. मिस्त्रीने तो साफ केला, माझ्या तेलाच्या चेंबरला भोक पाडून नळी जोडली, डिझेल पंपाचा स्क्रू जरासा फिरवला. दुखलं, पण मी सोसलं. काम झाल्यावर त्याने लेकीला आणि मालकाला दोघांनाही समोर उभं केलं.

"नीट ऐका. हा दांडा माझ्या आणि तुमच्या कल्पनेपलीकडे जोरात फिरतो, लालबुंद होतो. त्याला वंगणाचं तेल जातं ते इंजिन चालू असेपर्यंतच. गरम असताना किल्ली फिरवलीत तर तेल बंद, दांडा मात्र फिरतोय. आतलं तेल जळून कोळसा होतं. म्हणून मुक्कामाला पोचलात की लगेच बंद करायचं नाही. गाडी चालू ठेवा, पेलाभर पाणी सावकाश प्या, मग किल्ली."

"आणि तहान नसेल तर?" मालकाने विचारलं.

"तरी प्या. तुमच्यासाठी नाही सांगत, तिच्यासाठी सांगतोय."

मालक हसला. दुसऱ्याच दिवशी त्याने सीटमागे एक स्टीलचा पेला आणि पाण्याची बाटली ठेवली.

मग काय सांगू मित्रांनो! पहिल्याच भरल्या खेपेला मी तो चढ गुणगुणत चढले. माझ्या बोनेटखालून बारीक शीळ येत होती. तो सायकलवाला यावेळी मागे राहिला आणि मी वळूनही बघितलं नाही. तलावावर लाद्या जशाच्या तशा उतरल्या. मावशीने एका लादीवर थाप मारली आणि ओरडली, "कासवाला पंख फुटले गं बायांनो!" मालकाने माझ्या बोनेटवर हात ठेवला आणि तिथेच उभा राहून पेलाभर पाणी प्यायला. घोट घोट. मग किल्ली फिरवली. त्या दिवशी तो मला दहा वर्षांनी तरुण दिसला.

तो उन्हाळा सुखाचा गेला. मालक कधीही चुकला नाही. कारखान्यात पोचला की पाणी, तलावावर पोचला की पाणी. लेकीला विचारायचा, "तू पितेस ना गं?" ती म्हणायची, "पिते हो बाबा, पोट फुटेल आता."

पण तो जिथे चुकत होता ती जागा मुक्कामाची नव्हती.

खिंड आली की त्याचा हात आपोआप किल्लीकडे जायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ही खोडसुद्धा नव्हती, हा त्याचा काटकसरीचा चांगुलपणा होता. मिस्त्रीने सांगितलं होतं, पोचल्यावर थांबा. खिंडीत तो कुठे पोचत होता? गाडी तर चाललेली असायची! पूर्ण ओझ्याने, पूर्ण चढ चढून, अंगाची लाही झालेली असताना, नेमक्या त्याच क्षणी तो मला झोपवायचा. मग खाली वारा, टपटपणारं पाणी आणि ती जुनी शांतता. त्या शांततेत माझ्या आत तेल जळत होतं. मी ओरडणार कशी? मला तोंड असतं तर मी शपथेवर सांगते, मी त्याला हाक मारली असती.

लेक उतारावर गाडी कधीच बंद करत नसे. बाबा अजूनही तसं करत असतील, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटच्या दिवसांत माझी शीळ बदलली होती. मालकाला ती ऐकू आली, पण त्याला वाटलं, उन्हाने असेल. मग एका दुपारी, खिंड अगदी समोर दिसत असताना, टर्बोचा दांडा जागेवरून हलला आणि माझंच तेल माझ्या छातीत शिरलं. डिझेल इंजिनाला तेलही चालतं जळायला. मी माझंच रक्त पिऊन पळू लागले. आवाज वाढत गेला, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला. मालकाने पाय काढून घेतला. मी थांबले नाही. त्याने किल्ली फिरवली.

आयुष्यभर त्याच्या एका बोटावर झोपणारी मी, त्या दिवशी झोपले नाही. त्याने किल्ली काढून हातात घेतली तरी मी किंचाळत होते. त्याचा तो चेहरा मला विसरता येत नाही.

मग त्याने ब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, हौद्यातली ओली गोणपाटं उपसली आणि बोनेट उघडून माझ्या हवेच्या नळीवर दाबून धरली. हात भाजले. मी गुदमरले आणि थांबले. पण फार उशीर झाला होता, आत सगळं वाकलं होतं. गोणपाट काढल्यामुळे बर्फ उघडा पडला होता. तो उन्हात वितळत राहिला आणि पाण्याची धार चढावरून खाली वाहत गेली. मालक रस्त्याच्या कडेला बसून ती बघत होता.

मिस्त्रीने टर्बो उघडला तेव्हा दांड्यावर काळा थर होता, पातेल्याच्या तळाला करपलेल्या दुधासारखा.

"गाडी गरम असताना बंद होत होती. एकदा नाही, रोज," तो म्हणाला.

मालक चिडला. "मी रोज पाणी पितो! विचार हिला. दोन्ही टोकांना पितो. खिंडीतून खाली उतरलो की आधी..."

बोलता बोलता त्याचा उजवा हात उठला. पट्टी बांधलेल्या बोटांनी हवेत किल्ली फिरवली. आणि तो हात तसाच राहिला.

लेकीने तो हात पाहिला. तिला खिंड आठवली, मिटलेले डोळे आठवले, झोपलेली गाडी आठवली. पण ती मिस्त्रीकडे वळून म्हणाली, "मीच असेन, मिस्त्री. सकाळच्या घाईत विसरत असेन."

मिस्त्रीला ते पटलं नाही, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तो "हं" म्हणाला आणि पाना पुसू लागला. मालकाने तो हात हळूच खाली घेतला.

तलावाची खेप थंड पेटीच्या गाडीला गेली. लेक आता कारखान्यात साच्यांवर काम करते. मालकाने पुन्हा कुठलीही गाडी चालवली नाही. "कंटाळा आला," असं तो लोकांना सांगतो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल, एखादं जुनं माणूसही असेल. त्याला नवी ताकद द्याल तेव्हा नुसती नवी सूचना देऊन मोकळे होऊ नका. त्याच्या जुन्या सवयीही शेजारी बसून बघा. आणि जो ओझं घेऊन चढ चढून आला आहे, त्याला एकदम गप्प करू नका. त्याला थोड्या धापा टाकू द्या. मला एवढंच मागायचं आहे.

आता ऊन कललं आहे. रोजच्याप्रमाणे मालक येईल. कोंबडीला हाकलून देणार नाही, दार उघडून माझ्या सीटवर बसेल. किल्ली लावेल. माझ्यात बॅटरी नाही, तेल नाही, काही नाही. तरी तो सीटमागचा पेला काढेल, पाणी ओतेल आणि समोर बघत घोट घोट पिईल. दाराशी लेक येऊन उभी राहील. ती त्याला घाई करत नाही.

"झालं का पाणी पिऊन, बाबा?" ती विचारेल.

"झालं."

मगच तो किल्ली फिरवेल आणि मला बंद करेल.