न दिसणारा शेजारी

मे महिन्यात सोलापुरात घरात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. जेवणं उरकली की आम्ही माळवदावर पाणी शिंपडून अंथरुणं टाकायचो. सत्त्याहत्तर साली भाऊ बाळासो गिरणीत रात्रपाळीला असायचा, म्हणून वर आम्ही तिघीच: आई, भावजय राजाबाई आणि मी.

आईला एक खोड होती. घरातलं जे माणूस जाईल त्याला ती आभाळातला एक तारा देऊन टाकायची. वडिलांना दिला होता, तोही चांगला ठळक. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला याचा राग यायचा, पण आईशी कोण भांडणार?

एका रात्री राजाबाईनं आईला हळूच विचारलं, "आत्याबाई, माझ्या बाळाचा कुटला?"

तिचं बाळ फाल्गुनात गेलं होतं, बारशाच्या आधीच.

"त्याला कुटला गं तारा," आई म्हणाली. "नाव न्हाय ठेवलेलं. बिननावाचं मोजत न्हाईत."

आई दुष्ट नव्हती. तिच्या आईनं तिला हेच सांगितलं असणार. तरी माझं डोकं सणकलं. राजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तिची फार माया आली.

मी तिला दक्षिणेकडे वळवलं. घरांच्या वर टेकलेला 'मित्र' नावाचा ठळक तारा दाखवला.

"त्याच्या जरा खाली एक आहे. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यांत जवळचा."

"दिसत न्हाय की."

"नुसत्या डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही. फार बारका आहे, सूर्याच्या सातव्या हिश्शाएवढा. तांबूस, मंद. पण जळतो इतका बेतानं, की सूर्य विझला तरी हा राहील."

गल्लीतल्या मागांचा खटखटाट थांबला होता. अंथरुणासकट आपण वर वर चाललोय असं वाटत होतं.

"गप जळतोय?"

"मधेच भडकतो. थोड्या वेळानं परत शांत."

"रडत असंल," राजाबाई म्हणाली.

एरवी मी चूक दुरुस्त केली असती. तेव्हा नाही केली.

"दिसत न्हाय, मग हाय कशावरनं?"

"दुर्बिणीतनं फोटो काढले, त्यांत सापडला."

"आन नाव?"

"प्रॉक्सिमा. म्हणजे जवळचा."

"दिसत न्हाय, तरी नाव ठेवलं?"

"ठेवलं."

ती तिकडेच बघत बसली. मग म्हणाली, "वन्सं, आत्या तुमी. बाळाचं नाव तुमीच ठेवायचं हुतं. कायतरी ठरीवलं असंल की."

ठरवलं होतं. बाळ पोटात असल्यापासून ठरवलं होतं, आणि नंतर ते कुणापाशी बोलायचं हे मला कळलं नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकले आणि बारशाला सांगतात तसं हळू सांगितलं.

पलीकडच्या अंथरुणातनं आईचा आवाज आला, "जरा मोठ्यानं सांग की. त्याच्या आजीलाबी ऐकू दे."