दोन्ही याद्यांत

चाळणी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण आता बायकोसुद्धा कधीकधी त्याच नावानं हाक मारते. कंपनी लिफ्टचे सुटे भाग बनवते, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रिंटरच्या मागच्या कोपऱ्यात बसून, बाहेरून येणारे ईमेल चाळणं हे त्याचं काम. त्याच्याकडे दोन याद्या. एक 'येऊ द्या'ची, दुसरी 'अडवा'ची. कोणाला कुठल्या यादीत घालायचं आणि कोणाला काढायचं, हे करताकरता अकरा वर्षं गेली, मान आखडली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. साहेबांना वाटतं, त्यात काय, बटण तर दाबायचं. साहेबांना सगळीच कामं बटणाची वाटतात, कारण त्यांनी स्वतः कुठलंच बटण कधी दाबलेलं नाही.

गेल्या आठवड्यात नवी यंत्रणा आली आणि फर्मान निघालं, की दोन्ही याद्या साफसूफ करून एकगठ्ठा नव्या जागी चढवायच्या. तीन हजार आठशे ओळी. चार दिवस तो नुसता वाचत होता. बंद पडलेले पुरवठादार, टकलावर केस उगवून देणारे, लॉटरी लागल्याची आनंदाची बातमी कळवणारे. चौथ्या दिवशी दुपारी त्याला एका ओळीतला आणि दुसऱ्या ओळीतला फरक दिसेनासा झाला. आता होईल ते होईल म्हणून त्यानं फाइल चढवली.

नव्या यंत्रणेनं ती परत फेकली. एकोणीस ओळी लाल, आणि खाली सूचना: ही नावं दोन्ही याद्यांत आहेत, आधी काय ते ठरवा.

जुनी यंत्रणा असलं काही विचारायची नाही. एखादं नाव दोन्हीकडे सापडलं, तर ती मुकाट्यानं अडवायची. पाठवणाऱ्याला कळायचं नाही आणि ज्याला हवं त्यालाही कळायचं नाही. चाळणीला हे चांगलं ठाऊक होतं. पण दोन्हीकडची नावं शोधत कोण बसतंय?

जांभया देत तो एकेक ओळ सोडवत गेला. अकराव्या ओळीवर हात थांबला. भरसमुद्रातल्या जहाजांना ईमेलची सोय पुरवणारी एक कंपनी होती, तिचं नाव. ते नाव 'येऊ द्या'च्या यादीत त्यानंच घातलं होतं, काकूंसाठी.

काकू म्हणजे खाली रिसेप्शनवर बसतात त्या. त्यांचा धाकटा मुलगा जहाजावर असतो. बापाशी त्याचं इतकं बिनसलं, की घरात त्याचं नाव काढायची सोय राहिली नाही, आणि काकूंचा फोन काका रोज उघडून बघतात. म्हणून मुलानं लिहायचं ते ऑफिसच्या पत्त्यावर. जहाज बदललं की त्याचा पत्ता बदलायचा, जुना बंद पडायचा, आणि नवा त्यानंच कळवायचा. म्हणून चाळणीनं त्याचा एकट्याचा पत्ता न घालता त्या जहाजवाल्या कंपनीचं अख्खं नावच यादीत घातलं होतं. सहा महिने पत्रं आली. मग थांबली. त्याला चौदा महिने झाले.

या चौदा महिन्यांत एक सोमवार चुकला नाही. काकू सकाळी फोन करून विचारायच्या, "चालू आहे ना रे?" तो म्हणायचा, "चालू आहे, काकू." "मग तोच लिहीत नसेल," असं म्हणून त्या फोन ठेवायच्या. गेल्या सोमवारी एवढंच जास्त बोलल्या, "बारा दिवसांनी निवृत्त होते मी. हा पत्ताही जाईल. त्याचे बाबा म्हणतात तेच खरं म्हणायचं, विसरला तो आम्हाला."

चाळणीनं 'अडवा'च्या यादीतली तारीख काढून बघितली. चौदा महिन्यांपूर्वीची, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांची. तो दिवस त्याला आठवला. खोट्या मेलांचा सुळसुळाट झाला होता, सुरक्षावाल्यांनी सहाशे बारा नावांची यादी धाडली होती, आणि एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं त्यानं ती अख्खीच्या अख्खी चिकटवली होती. एकही नाव वाचलं नव्हतं. अकरा वर्षं पाट्या टाकल्या की माणूस असा होतो, आणि तो तसा झाला होता.

अडवलेल्या पत्रांची नोंद नव्वद दिवस राहते. नोंदीत पाठवणारा, तारीख आणि विषय असतो, आतला मजकूर नसतो. काकूंच्या नावापुढे तीन ओळी निघाल्या.

आई, नवीन जहाज, नवीन पत्ता.

आई, मिळालं का?

बरं. राहू दे.

तिसरी वाचून त्यानं चष्मा काढून ठेवला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली. लाल ओळीपुढे दोन चौकोन होते. 'अडवा'वरची खूण काढली की प्रकरण मिटत होतं. पुढचं पत्र आपसूक येईल, काकूंना वाटेल मुलाला उपरती झाली, आणि आपलं नाव कुठेच यायचं नाही. खोटं कशाला सांगा, हा विचार त्यानं चांगला पाच मिनिटं केला. पण 'राहू दे' म्हणून थांबलेला मुलगा पुढचं पत्र लिहील कशाला? त्याच्या लेखी आईला सगळी पत्रं मिळाली होती आणि तिनं एकाचंही उत्तर दिलं नव्हतं.

त्यानं तिन्ही ओळी छापून घेतल्या आणि जिना उतरला. लिफ्टचे भाग बनवणाऱ्या या कंपनीची स्वतःची लिफ्ट कायम बंद असते.

काकू पाहुण्यांचे बिल्ले लावून ठेवत होत्या. त्यानं कागद पुढे केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी कागद तीनदा वाचला.

"दर सोमवारी तू मला सांगायचास."

"हो."

"बघून सांगायचास?"

याचं लांबलचक उत्तर त्याच्याकडे तयार होतं. तीन मजले उतरताना त्यानं तेच जुळवलं होतं.

"नाही, काकू. न बघताच."

"चौदा महिने मी त्या पोराला मनातल्या मनात बोल लावत होते रे."

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी नेहमीच्या आवाजात कंपनीचं नाव सांगितलं, फोन खरेदी विभागाला जोडून दिला आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"आत काय लिहिलंय यात?"

"ते पुसलं गेलं. तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. शेवटचं बत्तीस दिवसांपूर्वीचं होतं."

"दोन दिवस," काकू म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "हा पत्ता तरी अजून चालत असेल का?"

"माहीत नाही. त्यानं हे जहाज सोडलं नसेल तर चालत असेल."

काकूंनी कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटानं लिहायला घेतलं. दोनच ओळी लिहिल्या. तुझं एकही पत्र मला मिळालेलं नाही. मी नऊ दिवस इथे आहे, त्याआधी लिही. मग खुर्ची सोडून त्या उठल्या.

"आता तू लिही. माझं त्याला खरं वाटायचं नाही. म्हणेल, आई पांघरूण घालतेय."

चाळणी बसला. त्यानं लिहिलं, तांत्रिक कारणामुळे तुमची पत्रं आईंपर्यंत पोहोचू शकली नाहीत. काकू मागून वाचत होत्या. त्यांनी पडद्यावर पहिल्या दोन शब्दांखाली बोट ठेवलं.

"हे गृहस्थ कोण? आपल्या ऑफिसात तर नाहीत."

त्यानं ती ओळ पुसली. अकरा वर्षांत हजारो ओळी लिहिल्या असतील, पण पुढच्या चार त्याला जमता जमेनात. तुमची पत्रं मी अडवली. न वाचता एक यादी चढवली, त्यात. आई दर सोमवारी विचारायच्या, आणि मी न बघता चालू आहे म्हणायचो. त्यांचा यात काही दोष नाही.

काकूंनी ते वाचलं आणि स्वतःच्या हातानं पाठवलं.

"आता त्यानं लिहिलं तर येईल ना?"

'येईल' हा शब्द त्याच्या जिभेवरच होता. तो त्यानं गिळला आणि जिन्याकडे वळला. तीन मजले चढला, लाल ओळीपुढची 'अडवा'वरची खूण काढली, उरलेल्या आठ ओळीही वाचून सोडवल्या, फाइल पुन्हा चढवली. मग 'अडवा'च्या यादीत ते नाव शोधलं, नव्हतं. 'येऊ द्या'च्या यादीत शोधलं, होतं. त्यानं दोन्हीकडे पुन्हा एकदा शोधलं आणि परत तीन मजले उतरला. काकू पडद्यासमोर तशाच बसल्या होत्या.

"बघून आलो," तो धापा टाकत म्हणाला. "चालू आहे."